बिजलीरामची मधली आठ पानं

१० ऑगस्ट २०१४, रविवार

मिळाला. एकदाचा बिजलीराम मिळाला.

सौंदडहून देवरी, देवरीला गाडी बदलून चिचगड. चंदाबाईनं राखी बांधली, मी साडी दिली आणि दरवर्षीप्रमाणे विचारलं, बाई, माझा बिजलीराम कुठं आहे? दरवर्षी माझी ही थोरली बहीण एकच उत्तर देते, असेल कुठंतरी, उंदरानं खाल्ला असेल. यंदा मी तिला मोबाइलवर आमचा जुन्या कॉमिक्सवाल्यांचा ग्रुप दाखवला. 'बिजलीराम और नीली घाटी' या एका अंकासाठी रायपूर, जबलपूरची लेकरंबाळं असलेली माणसं कशी तळमळतात ते वाचून दाखवलं. ती ऐकत होती, पण चेहरा काही खुलला नाही. शेवटी बकारामभाऊजीच कंटाळून म्हणाले, "दे ना वो त्याले. नाही तं मागतच राहील तो."

मग बाई उठली आणि धान साठवायच्या उंच ढोलीत वाकली. ढोली तळाला गेलेली, त्यामुळे तिचे नुसते पाय बाहेर दिसत होते. वर आली ती प्लास्टिकची पुडी घेऊन. पुडीत कडुनिंबाचा वाळका पाला, पाल्यात बिजलीराम. रंग असे की काल छापलाय. धान ओलावा ओढून घेतो म्हणून टिकला. मी धान खरेदी केंद्रावरचा ग्रेडर, ओलावा मोजण्यात जन्म चालला, पण ढोलीत कॉमिक ठेवायचं कधी डोक्यात आलं नाही. अंकाच्या पाठीला बाईनं लहानपणी घातलेले जाड दोऱ्याचे टाकेही जागेवर होते.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "घरीच ठेव बाबू. कोणाले उघडून दाखवू नको."

नजर लागायची भीती वाटते तिला. भोळी आहे.

१२ ऑगस्ट

दोन दिवस पुडी समोर ठेवून बघतोय. नंदा म्हणते, बायकोकडे लग्नानंतर असं पाहिलं नव्हतं.

मी पाच वर्षांचा असताना आई गेली. बाई तेव्हा चौदाची. बाबा दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत कामाला जायचे आणि आम्हा दोघांना लाखोळीच्या पिकाची राखण असायची. माचीवर बसून, पोपट हाकलत, बाई मला बिजलीराम वाचून दाखवायची. छापलेलं हिंदी, पण ती सांगायची आपल्या बोलीत. बिजलीराम हा विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन. अंगावर वीज पडते आणि तेव्हापासून त्याच्या बोटांतून उजेड निघतो. त्याच्या गावाची माणसं एक दुष्ट राजा निळ्या दरीत डांबतो. बिजलीराम त्यांना सोडवायला दरीत उडी घेतो आणि एका गुहेत पडतो, जिथं त्याचा उजेड चालत नाही.

इथं बाई थांबायची. म्हणायची, आता डोळे मीट, अंदर अंधार आहे, उघडे ठेवशील तर काहीच दिसणार नाही. मी घट्ट मिटायचो. गंमत अशी की अख्ख्या अंकातली तीच पानं मला आज सगळ्यांत स्पष्ट आठवतात. गुहेतली म्हातारी, तिची सिंघाड्याची टोपली, दातपडका मगर, आणि तो निळा रंग. असा निळा मी पुन्हा कुठं पाहिला नाही.

अंक उघडून बघावासा वाटला, पण आवरलं. ग्रुपवरचे जाणते सांगतात, दर वेळी पान उलटलं की बोटांचं तेल लागतं आणि अंकाच्या दर्जाचा आकडा उतरतो. पुढचं आणि मागचं पान तेवढं पाहिलं. मधलं मला पाठच आहे.

१७ ऑगस्ट

ठरलं. इंदूरला पाठवायचा.

तिथं 'अक्षत' नावाची संस्था आहे. कॉमिक तपासतात, दहापैकी आकडा देतात, मग कडक पारदर्शक डब्यात कायमचं बंद करून वर पट्टी लावतात. एकदा बंद झालं की पुन्हा वाद नाही. अक्षत म्हणजे न तुटलेला तांदूळ. माझी सगळी नोकरी तांदळातला तुकडा शोधण्यात गेली, त्यामुळे नावावरच विश्वास बसला.

ग्रुपवर रायपूरच्या छोटेलालनं पुन्हा लिहिलं की या अंकाची संपूर्ण प्रत आता उरलेलीच नाही, कोणाचं मुखपृष्ठ गेलंय, कोणाचा शेवट. त्याच्या स्वतःकडे म्हणे एक चिंध्या झालेला गठ्ठा आहे. मी लिहून टाकलं, माझ्याकडे आहे, संपूर्ण. चाळीस जणांनी अंगठे दाखवले. आता इज्जतीचा सवाल आहे. आकडा काय येईल तो येवो, पट्टीवर 'संपूर्ण' लिहून यायला हवं. आणि तो डबा भाऊबीजेला बाईच्या हातात द्यायचा. कारण तो माझा आहे असं मी म्हणतो खरं, पण आहे तिचाच.

२३ ऑगस्ट

गोंदियाहून पार्सल केलं. त्याआधी नंदानं नागऱ्याच्या देवळात न्यायला लावलं, तर पार्सल महादेवापुढं ठेवून नमस्कार केला. पुजाऱ्यानं विचारलं, आत काय आहे? म्हटलं, कॉमिक. त्यानं अंगारा परत डबीत ठेवला.

इंदूरवाले म्हणतात दीड महिना लागेल. म्हणजे दिवाळीच्या आत. नंदा म्हणाली, उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. हिला कशाचंच गांभीर्य नाही.

२५ ऑक्टोबर, भाऊबीज

रिकाम्या हातानं चिचगडला गेलो. सोबत चिवडा होता, पण तो काही डबा नव्हे.

बाईला सगळं सांगितलं, इंदूर, आकडा, पट्टी. तिच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. पहिला प्रश्न तिनं हा विचारला, "ते लोक उघडून पाहतात काय?" म्हटलं, पाहणारच, पान न् पान मोजतात. बाई बराच वेळ जमिनीवरचं तेल पुसत राहिली. मग म्हणाली, परत मागवून घे, आपल्याले कायले पाहिजे आकडा. मी समजूत घातली की ती माणसं हातमोजे घालतात, काही होत नाही.

संध्याकाळी मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ पाहिला. आज बाईनं एकही नक्कल केली नाही. एरवी ती नटांची सोंगं काढून आम्हाला हसवून मारते.

१८ नोव्हेंबर

केंद्र सुरू झालं. धान ओला, लोक घाईत. भैय्यालाल नावाचा एक शेतकरी आज माझ्यावरच घसरला. म्हणाला, "ग्रेडरसाहेब, माझा धान मागच्या सोमवारपासून पडून आहे. पोत्यातून कोंब निघाल्यावर तपासता काय?" मी शांतपणे सांगितलं की तपासणी ही तपासणी असते, घाई करून चालत नाही, ज्याचा नंबर त्याची पाळी. लोकांना धीर म्हणून राहिलेला नाही.

दुपारी इंदूरला फोन लावला. तिथल्या नंदलालजींनी चौथ्यांदा उचलला आणि म्हणाले, आपका अंक लाइन में है, धीरज रखिए. रक्त खवळलं. तीन महिने लाइन! ही काय काम करायची रीत झाली? माल दुसऱ्याचा आहे, त्याच्या जिवाला घोर लागलाय, याची काही फिकीर?

नंदा ऐकत होती. भाजी चिरता चिरता हसत होती. कशाला हसते विचारलं तर म्हणे, कांदा लागला डोळ्याले.

२९ डिसेंबर

फोन लागत नाही. लागला तर उचलत नाहीत. उचलला तर लाइन.

केंद्रावर आता सगळ्यांना कळलंय. चहावाला विचारतो, साहेब, तुमच्या मालात ओलावा निघाला काय?

१४ जानेवारी २०१५

केंद्र अर्ध्यावर सोडून घरी येऊन लिहितोय.

नंदलालजींनी आपणहून फोन केला. म्हणाले, बहुत बढ़िया रखा है, रंग देखके दिल खुश हो गया. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. मग म्हणाले, पर बीच के आठ पन्ने नहीं हैं.

मुखपृष्ठामागे 'बत्तीस पानं' असं छापलंय आणि भरतात चोवीस. बिजलीराम गुहेत पडतो आणि पुढच्याच पानावर गावकऱ्यांसोबत बाहेर उभा असतो. माझीच पानं! म्हातारी, मगर, सगळं! मी सरळ म्हटलं, तुमच्याकडेच गहाळ झाली. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, टाके जुने आहेत, भोकं जशीच्या तशी आहेत, टाके घालायच्या आधीच पानं गेलेली आहेत. वा रे वा. टाके माझ्या बहिणीनं घातलेत. पानं नसताना ती कशाला टाके घालेल?

त्यांचं म्हणणं, दोनच रस्ते आहेत. एक तर पट्टीवर 'अपूर्ण' लिहून बंद करू, नाही तर तसाच परत पाठवू. मी म्हटलं, तिसरा रस्ता आहे, पानं शोधा.

ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. चोर हा शब्द वापरला नाही, पण वाचणाऱ्याला कळेल असं लिहिलं.

१५ जानेवारी

संक्रांत. नंदानं तिळगूळ दिला आणि म्हणाली, आता तरी गोड बोला. दिवसभर कोणाशीच बोललो नाही.

१ फेब्रुवारी

नुसतं 'पानं होती' म्हणून चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून आज आठही पानांचा मजकूर आठवून लिहून काढला आणि इंदूरला पाठवला. इथंही थोडक्यात उतरवतो.

बिजलीराम गुहेत पडतो. उजेड गेलेला. तो रडतो, कारण त्याला आईची आठवण येते. तेवढ्यात अंधारातून आवाज येतो, "काऊन रे बाबू, भेऊन राहिला काय?" एक म्हातारी सिंघाडे सोलत बसलेली असते. ती म्हणते, मीही इथंच हरवले होते, आता माझंच घर झालं. बिजलीराम म्हणतो, माझी आई हरवली. म्हातारी म्हणते, आई हरवत नसते, ती पुढं गेली भात शिजवायला, तू हळूहळू ये. मग तो आणखी रडतो, तेव्हा ती त्याला उगी राहा म्हणत नाही. म्हणते, "रडून घे, मंग रस्ता दिसते." आणि खरंच, तो पोटभर रडतो आणि त्याच्या बोटांतून थोडा निळा उजेड निघतो. दातपडका मगर त्यांना पाठीवर घेऊन तळ्यातून बाहेर काढतो. मगराला सिंघाडा चावत नाही म्हणून म्हातारी त्याला सोलून भरवते.

लिहिताना लक्षात आलं की बोली बाईची असेल, पण छापील हिंदी पुस्तकात आपल्याकडची म्हातारी कशी? आणि मुंबई-दिल्लीच्या लेखकाला आपला सिंघाडा कसा माहीत? पण थोर लेखक असे प्रयोग करतात. आई गेल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात मी या पानांमुळेच सावरलो, हे मला पक्कं आठवतं. कोण होता तो लेखक, देव जाणे. भेटला तर पाय धरीन त्याचे.

नंदानं वाचलं. एरवी ती काहीतरी टोमणा मारते, आज नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "ही म्हातारी तं अगदी चंदाबाईसारखी बोलून राहिली." म्हटलं, असणारच, वाचणारी तीच होती ना.

नंदा चहा ठेवायला उठली.

८ मार्च

होळी झाली. रंगाला हात लावला नाही.

छोटेलालनं रायपूरहून आपल्या चिंध्यांच्या गठ्ठ्यातली आठ पानं शोधून काढली आणि फोटो टाकले. म्हणे हीच ती मधली पानं. काय आहे त्यांत? बिजलीराम गुहेत पडतो, दोन पहारेकऱ्यांना ठोसे मारतो, गज वाकवतो, मग आणखी चार पहारेकरी, आणखी ठोसे. आठ पानं नुसते ठोसे! म्हातारी नाही, मगर नाही. निळा रंगसुद्धा नाही, सगळं तपकिरी. इतकी ढोबळ नक्कल कोणी करू नये. मी तसं लिहिलं. ग्रुपवर कोणी अंगठा दाखवला नाही. उलट जबलपूरच्या एकानं लिहिलं की कागद, छपाई, सगळं जुळतंय, खुशालभाऊंनी, म्हणजे मी, जरा सबुरीनं घ्यावं.

छोटेलाल म्हणतो, हवी असतील तर ही पानं घ्या, तुमचा अंक संपूर्ण होईल. भीक नको.

१९ एप्रिल

बाईचा फोन. कोणीतरी तिला सांगितलंय की मी इंदूरवाल्यांवर तक्रार करणार आहे. ग्राहक मंचात जायचा माझा विचार आहेच. बाई म्हणाली, "अपूर्ण तं अपूर्ण. काय बिघडते? त्या माणसाले त्रास देऊ नको, त्याच्याबी घरी लेकरं असतील." मी तापलोच. म्हटलं, तू तरी माझ्या बाजूनं बोल, ती पानं तू हजार वेळा वाचलीस. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, खुशाल, एक सांगू काय? मी म्हटलं, सांग. तर म्हणाली, जेवत जा वेळेवर.

या बाईला फोनवर बोलताच येत नाही.

१० मे

आजचा दिवस माझा!

बाई आणि भाऊजी एका लग्नासाठी सौंदडला आले होते. मला एकदम सुचलं की साक्षीदार तर घरातच बसलाय. इंदूरला फोन लावला, आवाज मोठा केला आणि नंदलालजींना सांगितलं, ज्यांनी ती पानं डोळ्यांनी पाहिली त्या माझ्या भगिनी इथं आहेत, विचारा काय विचारायचं ते. बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला पोलीस ठाण्यात उभं केलंय. नंदा तिच्याजवळ जाऊन बसली, का कोण जाणे.

नंदलालजींनी विचारलं, "बहनजी, वो आठ पन्ने थे?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल.

"थे," ती म्हणाली.

"क्या था उनमें?"

आधी तिनं हिंदीत सुरुवात केली. दोन वाक्यांत हिंदी सुटली आणि ती आपल्या बोलीवर आली. गुहा आली, म्हातारी आली. म्हातारीचा आवाज काढला तेव्हा भाऊजींनी विडी विझवली. मगराचं बोलणं तर असं की दात पडल्यावरच कळावं. माझ्या लिखाणात नसलेल्या कितीतरी गोष्टी तिला आठवत होत्या. म्हातारीच्या टोपलीत खाली एक लहान सदरा असतो, तो ती बिजलीरामला घालते आणि तो त्याला बरोबर बसतो, हे मी साफ विसरलो होतो. ऐकता ऐकता मी डोळे मिटले होते, हे नंदानं नंतर सांगितलं.

ती थांबली. पलीकडून नंदलालजी नाक शिंकरल्यासारखं करून म्हणाले, "बहनजी, पन्ने थे. मैं मानता हूँ." आणि मला म्हणाले, आता डबा बंद करतो, पट्टीवर जे खरं आहे तेच लिहीन, माझ्यावर सोडाल ना? मी म्हटलं, सोडलं.

जिंकलो. पेढे वाटले. बाईला म्हटलं, तू नसतीस तर माझं काय झालं असतं. तिनं पेढा हातातच धरून ठेवला आणि रडायला लागली. आनंदानं रडते ती, लहानपणापासूनची सवय आहे.

२२ जून

आलेला नाही. वेळ घेतात. पण आता माझा राग नाही. केंद्रावरचा उन्हाळी धानही आता सरत आला. कशी कोण जाणे, आज रांग दुपारीच संपली. भैय्यालाल जाताना म्हणाला, साहेब, तब्येत बरी आहे ना?

३ ऑगस्ट

आला.

डबा सुरेख आहे, काचेसारखा. बिजलीराम आत उडी मारतोय. आकडा साडेसहा. आणि त्याखाली पट्टीवर:

'अपूर्ण. बीच के आठ पृष्ठ चंदाबाई, चिचगड के पास सुरक्षित.'

तीनदा वाचलं.

म्हणजे तिच्याकडेच आहेत! म्हणून ती उघडू नको म्हणत होती. म्हणून परत मागव म्हणत होती. पानं काढून ठेवली आणि टाके घालून दिले! वर्षभर मी परक्या माणसाला बोल लावले, ग्रुपवर नाक कापून घेतलं, आणि ही घरात पानं धरून बसली. हवी होती तर सांगायचं, मी नाही म्हटलं असतं? एवढ्या वर्षांत मी तिच्याशी भांडलो नाही. आता भांडणार.

नंदाला पट्टी दाखवली. तिनं वाचली आणि हात जोडले, इंदूरच्या दिशेला असावेत. म्हणाली, राखीले जाल तवा भांडा. पण आधी ऐका.

२९ ऑगस्ट, राखी

आता परतीच्या गाडीत लिहितोय, गाडी हलते, वाचता येईल तेवढं येईल.

बाईनं राखी बांधायला ताट आणलं. मी हात पुढं केला नाही. डबा तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, आधी पानं काढ.

तिनं चष्मा लावून पट्टी वाचली, एकेक अक्षर. मग विचारलं, सुरक्षित म्हणजे? म्हटलं, म्हणजे तुझ्याकडे नीट ठेवलेली आहेत. ती हसली. हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, भला माणूस आहे तो, फोनवरच समजून गेला.

"काय समजला? पानं कुठं आहेत?"

"आहेत ना. बस. डोळे मीट."

मी म्हटलं, बाई, मस्करी नको, मला डोळ्यांनी बघायची आहेत.

"मिटल्याबिगर दिसत नाहीत ते."

मला अजूनही कळत नव्हतं. इतका मी शहाणा. डबा उचलून म्हटलं, यातच कुठं चिकटवली असतील तर फोडतो आत्ता.

"कायले फोडतो? ते अंदर नाहीच, बाबू. कधीच नव्हते."

मग तिनं सांगितलं. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. मी रात्रंदिवस रडायचो. बाजारात किराणावाला हा अंक फाडून हळदीच्या पुड्या बांधत होता. मधली पानं गेली होती, उरलेला तिनं मागून आणला. माचीवर बसून वाचायला लागली, तर बिजलीराम गुहेत पडला आणि पुढं काहीच नाही. "तू मांडीवर होता. म्हणे, मंग काय झालं? मंग काय झालं? अधुरं कसं देऊ तुले?" म्हणून तिनं मला डोळे मिटायला लावले. आणि रोज मिटायला लावले, कारण मी रोज मागायचो. मग पान उलटताना मला पोकळी दिसू नये म्हणून टाके घातले. आणि लग्न होऊन आली तेव्हा अंक सोबत आणला, कारण मी शाळेत जाऊन वाचायला शिकलो होतो.

तो सदरा माझा होता. आईनं मला शिवलेला शेवटचा.

मी डबा खाली ठेवला. भिंतीला टेकलो आणि डोळे मिटले. एकोणचाळीस वर्षांचा ग्रेडर, डोक्यावर टक्कल, चिचगडच्या पडवीत. बाई सांगायला लागली. गुहा, अंधार, सिंघाडे सोलल्याचा आवाज. निळा आला. हळदीत गेलेल्या पानांवर कधी नव्हताच तो निळा, तो इथं होता. ज्याचे पाय धरायचे म्हणून मी लिहून ठेवलं होतं ती माझ्यासमोर पाटावर बसली होती. आणि मी पाच वर्षांचा असल्यासारखा हुंदके देऊन रडायला लागलो, भाऊजींसमोर, शेजारच्या बाया फाटकातून बघत असताना.

बाई थांबली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडून घे, मंग रस्ता दिसते."

गोष्टीत ती ओळ आली होती की तिनं मला म्हटलं, ते कळलं नाही. डोळे उघडून विचारायचं मनात होतं, पण मगर अजून यायचा होता.

३० ऑगस्ट

पाय धरू दिले नाहीत काल. हातावर राखी तेवढी बांधली.

सकाळी नंदलालजींना फोन करून माफी मागितली. दुसऱ्याच घंटेला उचलला. म्हणाले, एक गोष्ट राहून गेली, मगराचं पुढं काय झालं? म्हटलं, ते बाईलाच विचारावं लागेल, दर वेळी वेगळं असतं.

छोटेलालला लिहिलं, तुमची पानं अस्सल आहेत, मी चुकलो, ती तुमच्याकडेच ठेवा. आणि ग्रुपवर: 'बिजलीराम और नीली घाटी', माझी प्रत अपूर्ण आहे. मधली पानं चिचगडला आहेत. कोणाला बघायची असतील तर देवरीला गाडी बदलायची.